बिनविरोध विरोधक

बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. किस्से जात नाहीत. तूर सोंगून नेली तरी वावरात धसकटं उभी राहतात आणि चप्पल घालून चाललं तरी पायाला लागतात, तसे ते आमच्या ऑफिसात जागोजागी उभे आहेत. इतकी वर्षं पत्रकारितेत काढून मला पुरस्कार एकही मिळाला नाही, धसकटं मात्र भरपूर मिळाली. मी ती चिडून सांगते. ऐकणारे हसतात. मी आणखी चिडते, ते आणखी हसतात. म्हणून या वेळी लिहूनच काढते.

आमचं ऑफिस म्हणजे वाशीममधल्या एका कृषी केंद्राच्या वरची खोली. खाली खताच्या गोण्या, वर आमचा पेपर. खालच्या मालावर निदान मुदत तरी छापलेली असते.

मंडळी मोजकीच. आवृत्तीप्रमुख बोंद्रे साहेब, नागपूरहून बदलून आलेले. खिशाला एक लाल आणि एक निळं पेन. भीमराव तायडे, राहणार पिंपळदरा, किन्हीराजात त्यांचं झेरॉक्सचं दुकान आणि त्या पट्ट्याचे ते आमचे वार्ताहर. रऊफभाई शेलूबाजारचे वार्ताहर. त्यांची जीप आहे, त्यामुळे त्यांची बातमी जीप भरल्याशिवाय निघत नाही. आणि मी, जिल्हा प्रतिनिधी. मला सगळे वानखडे ताई म्हणतात. बोंद्रे साहेब चिडले की नुसतं 'वानखडे' म्हणतात, म्हणजे बहुतेक वेळा नुसतं वानखडेच.

*

सगळं सुरू झालं ते एका शब्दावरून. साहेब कुठल्याशा कार्यशाळेला गेले आणि येताना एक शब्द आणि एक चुंबक घेऊन आले. चुंबक भेट मिळालं होतं, एक टोक लाल, एक निळं. शब्द त्यांनी फळ्यावर लिहिला. द्विध्रुवी!

"द्विध्रुवी म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं आणि स्वतःच सांगितलं, "दोन परस्परविरोधी टोकं असलेला. पृथ्वी द्विध्रुवी आहे. हे चुंबक द्विध्रुवी आहे. आजपासून आपली प्रत्येक बातमी द्विध्रुवी असेल. एका टोकाची बातमी मी छापणार नाही."

मी अमरावतीला मराठीत एम. ए. केलंय. शब्दावर अन्याय झाला की मला राहवत नाही. मी म्हटलं, "साहेब, शब्दाचा अर्थ 'दोन टोकं असलेला' असा आहे. 'दोन टोकं लावलेला' असा नाही. ज्याला टोकं आहेत त्याला म्हणा. बाकीच्यांना कशाला शिंगं लावता?"

साहेबांनी टेबलावर टाचण्या ओतल्या आणि चुंबक त्यात फिरवलं. दोन्ही टोकांना टाचण्यांचे झुबके. मधला भाग कोरा.

"बघा वानखडे," साहेब म्हणाले, "मधे काही चिकटत नाही. वाचकही टोकालाच चिकटतो."

भीमराव हळूच म्हणाले, "पन साहेब, धराले मधातच धरा लागते न."

साहेबांनी खरोखर चुंबक मधेच धरलं होतं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि मीटिंग संपली.

*

पहिला बळी गेला तो बिबट्याचा.

केनवडच्या शिवारात बिबट्या आला होता. त्यानं एक वासरू नेलं, लोकांनी वावरात जाणं बंद केलं. मी बातमी केली. गावकरी बोलले, वासराचा मालक बोलला, वन खात्याचे साहेबही बोलले. बोंद्रे साहेबांनी बातमी परत पाठवली. हे सगळे एकाच टोकाला आहेत म्हणे! सगळ्यांना बिबट्या नकोच आहे. दुसरं टोक कुठाय?

मी फोनवर म्हटलं, "दुसऱ्या टोकाला बिबट्या आहे साहेब."

"मग त्याची बाजू?"

मला वाटलं चेष्टा आहे. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. माझ्या बातमीखाली, माझ्या नावाखाली, शेवटची ओळ अशी होती: 'वृत्त लिहीपर्यंत बिबट्याशी संपर्क होऊ शकला नाही.'

महिनाभर मी केनवडच्या बाजारात गेले की लोक आधी विचारत, "ताई, लागला का फोन?"

*

नंतर रिसोडकडचे एक जुने गुरुजी वारले. भला माणूस. अर्धा तालुका त्यांच्या हाताखालून गेलेला. निधनवार्तेत आपण लिहितो तसं मीही लिहिलं, की मनमिळाऊ स्वभावामुळे ते सर्वांना प्रिय होते.

साहेबांनी 'सर्वांना'खाली लाल रेघ मारली. जगात सर्वांना प्रिय असा माणूस नसतो, एखादं टोक शोधा. मी साफ सांगितलं की माणसाला जाऊन अजून दहा दिवस झाले नाहीत, मी त्याचा शत्रू शोधत फिरणार नाही. तेव्हा साहेबांनी स्वतःच गुरुजींच्या घरी फोन लावला. स्पीकरवर. फोन गुरुजींच्या बायकोनं घेतला. साहेबांनी फार सभ्यपणे, फार आडून आडून विचारलं, की गुरुजींशी कुणाचं पटत नसे असं कुणी आहे का?

म्हातारी शांतपणे म्हणाली, "सगळ्या गावाशी गोड बोलून बोलून ते घरी येत, साहेब. मंग घरात बोलाले गोड उरतच नव्हतं. लिवा, माह्यं नाव लिवा."

हे मात्र साहेबांनी छापलं नाही. उभ्या जिल्ह्यात एक खरं दुसरं टोक सापडलं होतं, आणि ते लाल पेननं खोडलं गेलं. मी तेव्हा भांडले. आजही भांडते.

*

शब्द एकदा मोकाट सुटला की कुठंही शिरतो. आमच्या भागातले एक पुढारी सकाळी एका पक्षाच्या मंचावर होते आणि संध्याकाळी दुसऱ्या. साहेबांनी ठळक मथळा दिला: 'द्विध्रुवी नेत्याचा आणखी एक झोका!'

दोन दिवसांनी एक डॉक्टर बाई जिना चढून वर आल्या. मानसोपचाराच्या डॉक्टर. हातात तो अंक. पुढाऱ्याच्या माणसांनी धमकावायला पाठवलं असेल असं वाटून साहेब उभेच राहिले. बाई बसल्या, पाणी प्यायल्या आणि त्यांनी सांगितलं, की या नावाचा एक आजार असतो. माणूस कधी उत्साहाच्या टोकाला जातो, कधी दुःखाच्या. तो मुद्दाम जात नाही. त्याला त्रास होतो, तो औषधं घेतो, संसार करतो, नोकरी करतो. त्यांचा एक पेशंट तुमचा पेपर रोज वाचतो, आणि तो मथळा वाचून दवाखान्यात येऊन त्यानं विचारलं की मी असा आहे का.

साहेब खजील झाले. म्हणाले, "आम्ही त्या पुढाऱ्यांची माफी मागू."

"त्यांची कशाला?" बाई उठत म्हणाल्या. "माझ्या पेशंटची मागा. त्याची तुलना तुम्ही कुणाशी केलीत बघा!"

साहेबांनी माफी छापली. फळ्यावरचा शब्द मात्र पुसला नाही. उलट त्याखाली लिहिलं, 'फक्त बातमीसाठी.'

*

आता मुद्द्याचं. पिंपळदरा.

शेलूबाजार ते किन्हीराजा हायवेवर पिंपळदऱ्याचा फाटा आहे. तिथून मालेगावला, म्हणजे आमच्या मालेगावला, नाशिककडच्या नव्हे, रोज सकाळी बस जाते. जाते म्हणजे नुसती जाते. थांबत नाही, कारण तिथं थांबा मंजूर नाही. राहिली जीप. जीप शेलूबाजारात भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली की फाट्यावर जागा नसते. रऊफभाई सांगतात, जीपचा हा नियम देवानंच केलेला असावा, कारण माणसानं केलेला नियम इतका कुणी पाळत नाही.

भीमरावांची मुलगी सुजाता मालेगावच्या कॉलेजात बी. एस्सी. करते. गावातल्या आणखी काही मुली तिच्यासोबत जातात. जीपच्या मागच्या फळीवर उभं राहून, एका हातात दांडा आणि एका हातात बॅग धरून. तेही मिळालं तर. सकाळचं प्रॅक्टिकल बुडायचं. कॉलेजनं हजेरीची ताकीद दिली. त्यातच एका मुलीचा हात सुटला. ती वाचली, पण सुजाताच्या आईनं तिच्या पायाचं खरचटलेलं पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. दिवाळीपर्यंत थांबा झाला तर ठीक. नाही तर सुजाता घरी, आणि तिच्या मामानं आणलेलं स्थळ पाहायचं.

भीमराव बारा गावांच्या बातम्या देणारा माणूस. स्वतःच्या मुलीची बातमी द्यायची त्यांना लाज वाटली. माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, तुमी लिवा. मी लिवलं त लोक म्हनतीन घरचंच गाऱ्हानं मांडून राह्यला."

मी गेले. ग्रामसभेचा ठराव पाहिला. एकमतानं. सुजाताला विचारलं, तर ती म्हणाली, "बस रोज आमच्यासमोरून जाते. खिडकीतून रिकाम्या सीट दिसतात, तेवढंच." मी बातमी केली. जीव ओतून केली.

साहेबांनी परत पाठवली. शेरा होता: 'गाव एकध्रुवी आहे.'

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मुलींना बस हवी आहे. याला दुसरं टोक कुठून आणू?"

साहेब शांत होते. "विरोध नसेल तर प्रश्नच काय, वानखडे? विरोधक आणा, पान तीनवर अर्धं पान देतो. फोटोसकट."

*

पिंपळदरा हे बिनविरोध गाव आहे. तिथं ग्रामपंचायत बिनविरोध, सोसायटी बिनविरोध, गणपती मंडळाचा अध्यक्षसुद्धा बिनविरोध. मतपेटी गावात आली की आपल्यात भांडणं लागली असं त्यांना वाटतं. त्यामुळे आधी सगळे एका ठिकाणी बसतात, चहा होतो, आणि चहा संपेपर्यंत एक नाव ठरतं. या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान आहे की फाट्यावर तशी पाटी लावली आहे.

पेपरला विरोधक लागतो हे भीमरावांनी सांगितल्यावर गावानं तेच केलं. सगळे बसले. चहा झाला. थांब्याला विरोध कोण करणार? कुणाच्याच मनात विरोध नव्हता. सरपंच म्हणाल्या, ज्याला बस लागतच नाही असा माणूस पाहा, म्हणजे त्याचं नुकसान नाही.

असा माणूस एकच. नथ्थुजी. फाट्याला लागूनच त्यांचं वावर. बसमध्ये बसले की त्यांना मळमळतं, त्यामुळे सोयरीक असो की मयत, ते सायकलनं जातात. नथ्थुजींनी जरा विचार केला आणि म्हणाले, "करतो. पन कराचं त मन लावून कराचं. नावापुरतं मले जमत नाई."

टाळ्या झाल्या. अशा रीतीनं पिंपळदऱ्यानं विरोधकही बिनविरोध निवडला!

मी त्यांची बाजू घ्यायला गेले तेव्हा नथ्थुजी अंघोळ करून, टोपी घालून तयार होते. म्हणाले, "लिवा बाई. बस थांबली का धूळ उडते. धूळ उडली का माह्यी तूर मरते. बस थांबली का मानूस उतरते, आन् मानूस उतरला का वावरातून शॉर्टकट मारते. थांबा आला का टपरी येते, टपरी आली का पत्ते येतात. आमाले थांबा नाई पायजे."

भीमराव माझ्या शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा पडला. गाडीवर बसताना मला म्हणाले, "ताई, हे त मलेच पटून राह्यलं."

अर्धं पान आलं. डावीकडे सुजाता, उजवीकडे नथ्थुजी, मधे साहेबांनी काढलेली उभी रेघ. 'पिंपळदऱ्यात थांब्यावरून द्विध्रुवी संघर्ष!'

*

त्या अर्ध्या पानानं एक वेगळीच पंचाईत झाली. साहेबांचा नियम काही पिंपळदऱ्यापुरता नव्हता. आसपासच्या गावांच्याही बातम्या अडकून पडल्या होत्या. कुठं वाचनालय, कुठं नेत्रतपासणीचं शिबिर. विरोध कुणाचाच नाही. त्यांनी नथ्थुजींचा फोटो पाहिला आणि माणसं सरळ पिंपळदऱ्याला आली. एक दिवसासाठी तुमचे नथ्थुजी द्या.

सरपंचांनी दिले. गावाची शोभा ती! नथ्थुजी सायकलवर टांग टाकून गावोगाव जाऊ लागले. वाचनालयाला त्यांनी विरोध केला, कारण वाचणारा माणूस ढोरांकडे पाहत नाही. नेत्रशिबिराला विरोध केला, कारण दिसायला लागलं की शेजाऱ्याचं जास्त दिसतं. प्रत्येक ठिकाणी मन लावून. एका गावानं त्यांना शाल दिली आणि पुढच्या वर्षीच्या विरोधासाठी आत्ताच सांगून ठेवलं.

मग एका दिवशी पान तीनवर नथ्थुजी दोनदा आले. वर व्यायामशाळेला विरोध करताना, खाली वृक्षारोपणाला. तीच टोपी, तोच फोटो. बोंद्रे साहेबांनी भीमरावांना फोन लावला. हा एकच माणूस सगळीकडे कसा?

भीमराव गडबडले नाहीत. म्हणाले, "साहेब, आख्ख्या पृथ्वीले उत्तर ध्रुव बी एकच असते न."

साहेबांना ते पटलं! त्यांनी फोन ठेवला तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं.

*

हसू इथंच संपलं. मी आणि भीमराव ते अर्धं पान घेऊन बसच्या आगारात गेलो. तिथल्या साहेबांनी आमच्यासमोर तोच अंक टेबलावर ठेवला. आमच्याआधीच त्यांच्याकडे पोचला होता.

"तुमच्याच पेपरात आहे, मॅडम. गावात दोन टोकं आहेत. उद्या थांबा दिला तर हे काका आंदोलन करतील. आधी गावाचं एकमत करा, मग या."

मी सांगितलं की एकमताचा ठराव आहे. ते म्हणाले, ठराव जुना, बातमी नवी.

मी तिथं जे बोलले ते इथं लिहीत नाही. भीमराव येताना गाडीवर मागून एवढंच म्हणाले, "पोट्टीले काय सांगू आता?"

गाव पुन्हा बसलं. चहा झाला. सरपंचांनी नथ्थुजींना सांगितलं, झालं तुमचं काम, आता विरोध मागं घ्या. नथ्थुजी उठले आणि मान हलवली.

"मले बिनविरोध निवडलं. काढाचं असन त माह्या विरोधात कोनी उभं राह्यलं पायजे. राहते का कोनी?"

कुणी उभं राहीना. राहणार कसं? नथ्थुजींच्या विरोधात उभं राहायचं म्हणजे निवडणूक, आणि निवडणूक म्हणजे फाट्यावरची पाटी काढावी लागेल. मुलीचं कॉलेज गेलं तरी चालेल, पाटी राहिली पाहिजे! मला तर वाटलं, ती पाटी मीच जाऊन उपटावी.

भीमरावांनी नथ्थुजींशी बोलणं टाकलं. दोघांची घरं समोरासमोर.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा मी नथ्थुजींच्या वावरात गेले. पेपरसाठी नाही, भांडायला. ते तुरीत फिरत होते. मी म्हटलं, "नथ्थुजी, तुम्हाला शाली मिळाल्या, फोटो मिळाले. त्या सुजाताचं कॉलेज सुटून राहिलं. मामा दिवाळीला पाहुणे घेऊन येतोय. तुमच्या तुरीला धूळ लागू नये म्हणून ती पोरगी घरी बसणार. समजतं का तुम्हाला?"

नथ्थुजींनी ऐकून घेतलं. तुरीचं एक पान चोळून हुंगलं. मग मला विचारलं, "बाई, सकाळची बस किती वाजता येते?"

मला इतका संताप आला की उत्तर न देता मी परत आले. वेळ त्यांना नंतर रऊफभाईंनी सांगितली.

*

दुसऱ्या दिवशी ऑफिसात निवेदन आलं. पिंपळदरा फाट्यावर बस थांबा होऊ नये या मागणीसाठी नथ्थुजी उद्यापासून रोज सकाळी रास्ता रोको करणार. फलकही तयार होता, 'थांबा नको'. जवळपास झेरॉक्सचं दुसरं दुकान नाही, त्यामुळे तो भीमरावांनाच छापून द्यावा लागला. दोघांत एक शब्द झाला नाही म्हणे. फलक दिला, फलक घेतला.

बोंद्रे साहेब खुर्चीतून उठलेच. "बघितलंत वानखडे? टोक म्हणतात ते हे!" मला सक्त ताकीद, उद्या फाट्यावर हजर राहा.

राहिले. सुजाता आणि मुली रस्त्याच्या कडेला जीपची वाट पाहत उभ्या होत्या. नथ्थुजींच्या खिशात फोन वाजला. रऊफभाई. बस शेलूबाजारातून सुटली. नथ्थुजींनी सायकल स्टँडला लावली, टोपी नीट केली आणि फलक घेऊन हायवेच्या बरोबर मधोमध जाऊन उभे राहिले.

बस आली. हॉर्न मारला. ब्रेक लागले. नथ्थुजींच्या पुढ्यात येऊन बस थांबली.

ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "बाबाजी, काहून मधात उभे राह्यले?"

"इथं बस थांबू नये म्हनून."

"पन थांबली न ते!"

"म्हनूनच त विरोध करून राह्यलो."

ड्रायव्हरनं डोकं आत घेतलं. नथ्थुजींनी घोषणा सुरू केल्या. एकटेच 'बस थांबा' म्हणायचे आणि एकटेच 'नको, नको' म्हणायचे. तेवढ्यात बसच्या दाराशी सुजाता गेली, तिच्यामागं बाकीच्या गेल्या. कंडक्टरनं एकदा पुढं पाहिलं, एकदा मुलींकडं पाहिलं आणि दार उघडलं. शेवटची मुलगी आत चढली तशा घोषणा संपल्या. नथ्थुजी बाजूला झाले आणि हातानं खूण केली, जाऊ द्या.

संध्याकाळी परतीची बस आली तेव्हा ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला विरोधाला उभे होते.

असं रोज होऊ लागलं. कॉलेजात हजेरी भरू लागली. सुजाताच्या आईनं मामाला सांगितलं, पाहुणे सध्या नको, पोरगी बसनं जाते. आगाराच्या साहेबांनी कळवलं की विरोध इतका तीव्र असताना थांब्याचा विचार करता येणार नाही. पेपरात आमची बातमी: 'पिंपळदऱ्यात विरोध कायम.' रऊफभाई मला म्हणाले, "ताई, मेरी सवारी गेली. पण बंदा जिद्दी आहे." आणि त्यांनी पुन्हा फोन लावला, बस सुटली म्हणून सांगायला.

शेवटी बोंद्रे साहेब हा तीव्र विरोध स्वतः पाहायला आले. शनिवार होता. लाल पेन, निळं पेन, हातात वही. मी आणि भीमराव त्यांच्या शेजारी उभे. बस आली, थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून निवांत बसला. नथ्थुजींनी घोषणा दिल्या. आता 'नको, नको' म्हणायला बसमधले प्रवासीही असायचे. सवय झाली होती. मुली चढल्या. घोषणा संपल्या. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर गेला.

भीमरावांनी मान वळवून गावाकडच्या रस्त्याकडे पाहिलं. मुलींमध्ये सुजाता नव्हती.

नथ्थुजींनीही पाहिलं. लांब बाभळींपाशी एक ओढणी पळत येत होती. नथ्थुजी बाजूला होत होते ते पुन्हा मधोमध आले, घसा खाकरला आणि बोंद्रे साहेबांकडे हात करून ड्रायव्हरला म्हणाले, "साहेबाले नीट ऐकू आलं नसन." मग पहिल्यापासून सुरू. बस थांबा! आख्खी बस म्हणाली, नको, नको! सुजाता धापा टाकत आली, चढली, खिडकीत बसली. घंटी वाजली. नथ्थुजी बाजूला झाले. बस गेली.

साहेब दोन्ही पेनं हातात धरून उभे होते. मला म्हणाले, "वानखडे, यांना कोणत्या टोकाला टाकायचं?" त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्याशी भांडले नाही.

नथ्थुजींनी फलक सायकलच्या कॅरिअरला बांधला. भीमरावांनी दोरीचं दुसरं टोक धरलं. टांग टाकता टाकता नथ्थुजी थांबले आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, उद्या नका येजा हं. उद्या रविवार हाय. उद्या विरोध नाई."